नोरा आली आणि फ्रीझ बदलला

खलनायकाला दुःखद भूतकाळ दिला की त्याची भीती वाटेनाशी होते, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९९२ च्या 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' या कार्टून मालिकेतला खलनायक मिस्टर फ्रीझ आठवा. कॉमिक्समध्ये १९५९ साली तो मिस्टर झिरो म्हणून आला, तेव्हा बर्फाची बंदूक घेतलेला साधा चोर होता. मालिकेचे लेखक पॉल डिनी यांनी 'हार्ट ऑफ आइस' या भागात त्याला नोरा दिली, दुर्धर आजारामुळे गोठवून ठेवलेली बायको. तिला वाचवण्यासाठी फ्रीझ ज्या कंपनीत प्रयोग करत असतो, तिचा प्रमुख बॉइल पैसे वाया जातात म्हणून तो प्रयोग बंद पाडतो. हे बॅटमॅनला एका टेपवर दिसतं आणि आपल्यालाही तेव्हाच कळतं.

पण म्हणून फ्रीझ मवाळ होत नाही. चुकून पाय गोठलेल्या स्वतःच्याच साथीदाराला तो तिथेच टाकून निघून जातो. आणि मायकल अन्सारा यांचा तो सपाट, थंड आवाज! मला तर भूतकाळ कळल्यावर तो जास्तच भीतिदायक वाटला.

शेवटी कोठडीत तो काचेच्या गोळ्यातल्या नर्तिकेकडे बघत नोराची माफी मागतो. ते बघताना आजही घसा दाटून येतो.