गुदाशयाचा कॅन्सर, दुर्बिणीतून ऑपरेशन : तुमचे अनुभव सांगा

बाबांच्या (वय ६१) ऑपरेशनला आज दोन वर्षं झाली. तेव्हा रात्र रात्र शोधायचे, सगळीकडे 'पाचव्या दिवशी घरी' एवढंच, घरी आल्यावर पुढे काय हे कुणी लिहिलेलंच नाही, म्हणून हा धागा काढतेय. संडासाबद्दल लिहायला लाजू नका.

आमचं सांगते. आधी लाईट (रेडिएशन) आणि केमो, मग ऑपरेशन. पोटावर चार भोकं, खाली एक आडवा छेद, तिसऱ्या दिवशी बाबा पॅसेजमध्ये चालत होते. नातेवाईक म्हणायचे किरकोळच होतं की, पण आतून गुदाशय भोवतालच्या चरबीसकट काढतात, ते पोट उघडून केलं तरी तेवढंच असतं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी एका ओळीखाली पेनाने रेघ मारली, कडा क्लिअर, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही. मी ती ओळच बघत बसले.

*

आईला आठ महिने मूळव्याधीचं मलम चालू होतं, बोटाने तपासणी कुणी केलीच नाही. ऑपरेशन दुर्बिणीने सुरू झालं आणि दोन तासांनी निरोप आला, जुन्या सिझेरियनमुळे आत चिकटलंय, पोट उघडावं लागतंय. काहीतरी बिघडलं असंच वाटलं, पण तसं नव्हतं. पाच वर्षं झाली, आई ठणठणीत.

*

भाऊ सारखा रोबोट रोबोट करत होता म्हणून वाचून काढलं. रोबोटच्या मदतीने केलेलं ऑपरेशन आणि साधी दुर्बीण यांची तुलना केलेल्या २०१७ च्या रोलार अभ्यासात मध्येच पोट उघडावं लागलं ते रोबोटमध्ये ८ टक्के, साध्या दुर्बिणीत १२, पण हा फरक ठाम म्हणावा असा नव्हता. २०१५ च्या कोलर-२ मध्ये १०४४ पेशंट, तीन वर्षांत त्याच भागात कॅन्सर परत आला तो दुर्बिणीत ५ टक्के आणि उघड्या ऑपरेशनमध्येही ५. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत मात्र दुर्बीण तितकीच चांगली हे सिद्ध झालं नाही. म्हणून सर्जनना अशी किती केलीत हे विचाराच.

*

मी स्वतः पेशंट, वय ४४. पोटावरची संडासाची पिशवी (स्टोमा) बंद झाली आणि खरं तेव्हा सुरू झालं. दिवसातून चौदा वेळा संडास. गुदाशयाच्या ऑपरेशननंतरच्या या त्रासाला लार्स म्हणतात हे मला चार महिन्यांनी कळलं, तोवर वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. ऑफिसच्या बॅगेत दुसरी पँट, दादर ते ठाणे लोकलने जाताना तीनदा उतरलोय. डॉक्टरांनी दिलेलं लोपेरामाइड (जुलाब थांबवायचं औषध), फिजिओने शिकवलेले खालच्या स्नायूंचे व्यायाम, वर्षभराने पाच-सहावर आलंय.

*

दादा, पिशवी बंद करायच्या आधी डाय टाकून एक्सरे काढला होता का? ह्यांचा सोमवारी आहे, दुखतं का ते सांगा.