मोहरी मोहरीत फरक असतो

भाऊ, 'वाण कोणताही पेरा, दाण्यात लोह-जस्त तेवढंच' हे तुमचं मोहरीबद्दलचं म्हणणं पटलं नाही. आपली मोहरी मुळातच दोन जातींच्या संकरातून झालेली, एक काळी मोहरी, दुसरी सलगमाच्या गोतातली. एकाच वावरात, एकाच खतावर वेगवेगळे वाण पेरले तरी दाण्यातले आकडे जुळत नाहीत. तो फरक बियाण्याचा. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांना कमीच मिळतं. म्हणून राजस्थानातल्या भरतपूरच्या मोहरी संशोधन संस्थेचा आकडा आपल्या अकोल्याला जसाच्या तसा लावू नका. शिवाय दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह-जस्त धरून ठेवतं, सगळं अंगी लागत नाही. आणि फोडणीला मोहरी पडते ती चिमूटभर! आमच्याकडे तर हरभऱ्याच्या धुऱ्यावर दोन ओळी, त्याही घरापुरत्या.