प्रोफाइल ०.३: रिपोर्टमध्ये ०.१४ लिहायचं की ०.३६?

मोजमापवाला
ॲल्युमिनियमच्या कव्हरची बाहेरची कड आम्ही एंडमिलने (फिरत्या कटरने) पूर्ण फिरवून काढतो. ड्रॉइंगवर त्या कडेला प्रोफाइल ऑफ सरफेस ०.३ (म्हणजे कड आदर्श आकाराभोवतीच्या ०.३ मिमी रुंद पट्ट्यात हवी), डेटम ए-बी-सी (जॉब ज्या संदर्भांवरून मोजायचा ते), लीडरच्या म्हणजे बाणाच्या रेषेच्या कोपऱ्यावर ऑल अराउंडचं वर्तुळ, म्हणजे हे पूर्ण कडेला लागू. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत) एएसएमई वाय१४.५-२०१८ हे अमेरिकन टॉलरन्सिंग स्टँडर्ड. आमच्या सीएमएमवर (पॉइंट घेऊन मोजणाऱ्या मशिनवर) ०.१४ आलं आणि माल गेला. कस्टमरकडे तोच जॉब ०.३६ निघाला, लॉट परत आला.

दोन्हीकडचे पॉइंट शेजारी ठेवून पाहिले, तर ते सारखेच होते. कडेला सगळीकडे मटेरियल जास्त, कुठे +०.०४, कुठे +०.१८. आमच्या प्रोग्राममध्ये 'फॉर्म ओन्ली' (फक्त आकार, जागा आणि साइज नाही) निवडलेलं होतं, म्हणून १८ मधून ४ वजा होऊन १४ छापलं गेलं.

माझ्या मते चूक आमचीच. बेसिक डायमेन्शननी (ड्रॉइंगवरच्या आदर्श मापांनी) जी आदर्श कड ठरते, तिच्या दोन्ही बाजूंना पट्टा समान असतो: ०.१५ बाहेर, ०.१५ आत. आमची कड ०.१८ बाहेर आहे, म्हणजे पट्ट्याच्या ०.०३ पलीकडे. सगळ्यात वाईट पॉइंटची दुप्पट, ०.३६, हाच आकडा ०.३ च्या शेजारी शोभतो. आमच्याकडचे निम्मे लोक मात्र म्हणतात, कस्टमर उगाच दुप्पट करतोय.

सीएनसी_सेटर
त्या निम्म्यांत मला धरा. ३६ वाचून मी मशिनवर काय करू? कड बाहेर आहे की आत, तेही त्यातून कळत नाही. +०.०४ ते +०.१८ असं दिलंत, तर मधला ०.११ काढून टूलच्या रेडिअसच्या वेअरमध्ये (झिजेसाठीच्या दुरुस्तीच्या आकड्यात) उणे भरतो. (कंट्रोलर डायामीटर मागत असेल तर ०.२२, इथे नवी मुलं फसतात.) पुढचा जॉब ०.०७ आत-बाहेर येतो. आता तुमचाच हिशोब लावा, ७ ची दुप्पट १४. मशीन १४ च्या आत काम करतंय हे आमच्या रिपोर्टने बरोबर सांगितलं होतं.

मोजमापवाला
मशीन काय करू शकतं, ते सांगितलं. पण तो जॉब कुठे होता, ते नाही सांगितलं. ०.३ वर कड सगळीकडे एक मिलिमीटर बाहेर असती, तरी 'फॉर्म ओन्ली'ने आनंदाने पास केली असती.

टूलरूम_भोसरी
बेस्ट फिट करून, म्हणजे मोजलेले पॉइंट आदर्श आकारावर सरकवून बसवून, पाहिलंत का? आमच्याकडे असे बरेच जॉब बेस्ट फिटमध्ये सुटतात.

डिझाइन_टेबलवरून
दादा, दोन कारणांनी त्यावर भरवसा नको. कटरने चारही बाजूंना जास्त ठेवलंय. जॉब डावीकडे सरकवला की उजवीकडचं कमी होतं, तेवढंच डावीकडे वाढतं. आणि कॉल-आउटमध्ये (ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सच्या चौकटीत) ए-बी-सी लिहिलेत, तेव्हा सरकवायची मुभाच नाही. तुमचे सुटलेले जॉब कस्टमरच्या डेटमवर परत मोजून बघाच, मला त्यांची काळजी वाटते.

फक्त आकार सांभाळायचा आणि साइज थोडी लहानमोठी चालणार असेल, तर त्यासाठी २०१८ च्याच आवृत्तीत त्रिकोणाचं चिन्ह आलंय, डायनॅमिक प्रोफाइल. त्यात पट्ट्याची जाडी तीच राहते, पण पट्टा फुगू किंवा आक्रसू शकतो. त्या कव्हरवर त्रिकोण नाही. मग ०.१४ कशाच्या आधारावर लिहिलं?

सीएनसी_सेटर
ताई, त्रिकोणाचं पटलं. पण दुप्पट करायचा नियमही सगळीकडे लागत नाही. माझ्या दुसऱ्या ड्रॉइंगवर ०.३ नंतर वर्तुळात यू (असमान पट्ट्याचं चिन्ह) आणि पुढे ०.१ आहे. म्हणजे ०.१ बाहेर आणि ०.२ आत. कड ०.१२ बाहेर गेली तर जॉब एनजी (नापास), पण दुप्पट केली तर ०.२४, म्हणजे पास! म्हणून माझा आग्रह आहे की कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही चिन्हासकट लिहा.

डिझाइन_टेबलवरून
हा मुद्दा मला मान्य. ती दुप्पट समान पट्ट्यासाठीच आहे, यू असेल तिथे आंधळेपणाने लावू नये. त्यात आणखी एक खड्डा. आयएसओ या दुसऱ्या स्टँडर्डच्या ड्रॉइंगवर यूझेड दिसलं, तर त्यापुढचा आकडा पट्ट्याचा मध्य किती सरकला ते सांगतो. तुमचाच पट्टा तिथे यूझेड −०.०५ असा लिहितात. ०.१ वाचायची सवय लागलेला माणूस तिथे नक्की चुकतो, म्हणून आधी टायटल ब्लॉक बघा.

टूलरूम_भोसरी
एवढं सगळं ठीक, पण कव्हर हाऊसिंगवर बसत होतं की नाही? बसत असेल तर ०.०३ साठी लॉट परत पाठवणं मला अन्याय वाटतो.

मोजमापवाला
बसलं, हे खरं. पण आम्ही ज्या हाऊसिंगवर बसवून पाहिलं, ते एकच होतं. हाऊसिंगची आतली कड त्याच्या टॉलरन्सच्या आतल्या टोकाला असेल, तेव्हा काय होईल ते आमच्या टेबलावर दिसत नाही. सवलत हवी होती तर माल पाठवण्याआधी डेव्हिएशन (ड्रॉइंगपासून सवलतीची परवानगी) मागायला हवं होतं. ०.१४ लिहून आम्ही तो प्रश्न कस्टमरपासून लपवला, मनात नसताना का होईना.

आज प्रोग्राम 'फॉर्म अँड लोकेशन'वर (आकार आणि जागा दोन्हींवर) घेतला. रिपोर्टमध्ये किमान आणि कमाल विचलन चिन्हासकट टाकतोय, सेटरदादांचं ते म्हणणं मी घेतलं. शेवटच्या कॉलममध्ये मात्र ०.३६ च राहील. मटेरियल जास्तीचं आहे म्हणून लॉट वाचतोय, डेटमवर परत लावून ०.११ काढणार.

सीएनसी_सेटर
परत लावताना क्लॅम्पिंगने डेटम ए जरासा जरी उचलला गेला, तरी एका बाजूला जास्त कापलं जाईल. आधी एकच जॉब काढा, मोजा, मगच बाकीचे लावा. शेवटच्या कॉलमबद्दल माझं मत तेच आहे: मशिनवर त्याचा उपयोग शून्य.