स्वादुपिंडाचा जुनाट दाह: कोणत्या वयात किती आढळतो, काय पाहावं? (अनुभव धागा)

पोटविकारतज्ज्ञ, कर्वे रस्ता

क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसचं (म्हणजे स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचं) निदान सांगितलं की घरचे लगेच म्हणतात, "पण हा तर थेंबही घेत नाही!" हा प्रश्न रास्त आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६० टक्के रुग्णांत कुठलंच ठरावीक कारण सापडलं नव्हतं आणि दारूचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. दक्षिण भारतासाठी दर लाख लोकांमागे ११४ ते २०० रुग्ण असा अंदाज दिला जातो. पाश्चात्त्य देशांतले आकडे याहून बरेच कमी आहेत.

वयाप्रमाणे याचे चेहरे बदलतात. दारूमुळे होणारा आजार मुख्यतः ३५ ते ५५ या वयात दिसतो. विनाकारण होणाऱ्या प्रकाराची दोन शिखरं आहेत: एक विशीच्या आसपास, दुसरं पन्नाशीनंतर. विशीतल्याला दुखणं भयंकर असतं, पण कॅल्शियमचे खडे आणि मधुमेह यायला वर्षं लागतात. पन्नाशीनंतरच्या जवळपास निम्म्या रुग्णांना दुखतच नाही. म्हणून रुग्णाचं वय हाच निदानाचा पहिला धागा असतो. तुमच्या कामात कोणत्या वयाचे रुग्ण येतात आणि कुठे गफलत होते, ते लिहा. स्वतःच्या आजाराची कहाणी नको, इतरांना वापरता येईल असा तपशील हवा.

बालरोगतज्ज्ञ, पिंपरी

मुलांत हा आजार मोठ्यांच्या मानाने कितीतरी कमी, आणि म्हणूनच निसटतो. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाला जंताचं औषध, मग गॅसचं, मग "शाळा बुडवायची आहे" असा शेरा! दुखत असतानाच रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं एंझाइम) तपासा. वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आलं तर दाह धरायचा. अमायलेज (पिष्ट पचवणारं एंझाइम) तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज जास्त दिवस टिकतं. दुखणं थांबल्यावर आठवड्याने केलेली तपासणी नॉर्मल आली म्हणून फाइल बंद करू नका. सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. शंका राहिली तर एमआरसीपी (स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नलिकांचा एमआरआय).

मुलांत अनुवंशिक कारणं जास्त: पीआरएसएस१, स्पिंक१, सीएफटीआर या जनुकांतले बदल. भारतात स्पिंक१मधला बदल बराच आढळतो. पीआरएसएस१मधला बदल असेल तर सख्ख्या भावंडांच्या पोटदुखीकडेही लक्ष हवं. दर भेटीला उंची-वजन तक्त्यावर मांडा. रेघ खाली झुकू लागली की पचनाचा रस कमी पडतोय का, ते पाहायचं.

आहारतज्ज्ञ, कोथरूड

डॉक्टरांनी दुखण्याचं लिहिलं, मी डब्याचं लिहिते. सगळ्यात मोठं नुकसान "तूप-तेल बंद" या सल्ल्याने होतं. वजन आधीच उतरलेलं, त्यात तेही गेलं की माणूस खंगतो. एंझाइम (पाचक रसाची उणीव भरून काढणाऱ्या कॅप्सूल) नीट चालू असतील तर साधारण स्निग्ध आहार चालतो, एका वेळी तळणाचा डोंगर नको इतकंच. दिवसातून पाच-सहा लहान जेवणं द्या. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम: घट्ट वरण, दही, अंडी, पनीर. कोंड्याचा अतिरेकही टाळा, फार तंतुमय आहारात एंझाइमचं काम मंदावतं. मल चिकट, तेलकट, भांड्याला धरून राहणारा असेल तर ते अपचन म्हणून सोडू नका.

औषधविक्रेते, सदाशिव पेठ

ताई, तुमच्या मुद्द्याला जोडून. एंझाइमच्या कॅप्सूलमधून मोठ्यांना मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेज, मधल्या खाण्याला निम्मं. म्हणजे २५ हजारांच्या दोन कॅप्सूल: एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी जेवणाच्या मध्यात. बहुतेक जण जेवण झाल्यावर घेतात आणि "फरक नाही" म्हणून सोडतात. कॅप्सूल चावायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात टाकून लगेच गिळायचे. गरम वरणभातात किंवा दुधात घातले तर वरचं आवरण आधीच विरघळतं आणि पोटातलं आम्ल एंझाइम मारून टाकतं. पुरेशा मात्रेनेही भागत नसेल तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडतात.

एप्रिल-मेमध्ये पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने ताकद जाते. गॅसवरची पाचक सिरप याची जागा घेत नाहीत. आणि हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. शाकाहारी, जैन, मुस्लिम घरांत ते आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. नंतर कळलं तर रुग्ण न सांगता बंद करतो.

पोटविकारतज्ज्ञ, कर्वे रस्ता

फार मोलाचं लिहिलंत. मधल्या वयाबद्दल थोडं: दारू सोडली पण सिगारेट चालू, हे अर्धंच सोडणं. धूम्रपान स्वतंत्रपणे हा आजार घडवतं आणि वाढवतं. स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेत ५ मिमीपेक्षा मोठा खडा अडकून दुखत असेल तर बाहेरून लहरींनी तो फोडून ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून) तुकडे काढता येतात.

मधुमेहतज्ज्ञ, औंध

या आजारातून येणारा मधुमेह वेगळा. इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही (साखर वाढवणारं संप्रेरक) कमी होतं, त्यामुळे साखर एकदम खाली जाते आणि सावरत नाही. एंझाइम न घेता इन्सुलिन चालू असेल तर धोका दुप्पट सांभाळावा लागतो: खाल्लेलं शोषलं जात नाही, इन्सुलिन मात्र काम करतं.

पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह आणि सोबत वजन उतरत असेल तर नुसत्या गोळ्या वाढवू नका, सीटी स्कॅन करा. कर्करोग वगळणं तिथे पहिलं काम. दुखल्याशिवाय कावीळ झालेल्या वयस्क पुरुषात आयजीजी४शी (रक्तातल्या एका प्रतिपिंडाशी) निगडित स्वादुपिंडाचा दाहही असू शकतो आणि तो स्टिरॉइडने उतरतो, पण कर्करोग वगळल्याशिवाय स्टिरॉइड सुरू करायचं नाही.

क्ष-किरणतज्ज्ञ, डेक्कन

उलट बाजूही लिहितो. सत्तरीत स्वादुपिंड मुळातच आक्रसतं, त्यात चरबी भरते, नलिकाही थोडी रुंदावते. अहवालात "अट्रॉफी" (आक्रसणं) हा शब्द आला म्हणजे जुनाट दाह झाला असं नाही. खडे, नलिकेचं वेडंवाकडं होणं, लक्षणं हे सगळं जोडून वाचा. शंका असेल तर मलातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचंच एक एंझाइम) तपासा: ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमी, १००च्या खाली गंभीर. नमुना बांधलेल्या मलाचा हवा, पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो. या तपासणीसाठी एंझाइमच्या कॅप्सूल बंद करायची गरज नाही.