टेम्प्लेट इंजिनचा सपोर्ट फ्रेमवर्कच्या गाभ्यात हवा की बाहेर?

धागाकर्ता: आपल्या पायथन वेब फ्रेमवर्कमध्ये हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) सध्या नुसती स्ट्रिंग परत करतो. जिंजा२, माको, साच्यात डेटा भरून एचटीएमएल बनवणारं जे हवं ते इंजिन जोडता येईल असा पातळ थर गाभ्यातच घालावा. दोन मेथड पुरतात: एक नावावरून टेम्प्लेट शोधणारी, दुसरी कॉन्टेक्स्ट (टेम्प्लेटमध्ये भरायची मूल्यं) घेऊन रेंडर करणारी. जँगो फ्रेमवर्कने २०१५ मध्ये, १.८ आवृत्तीत, असाच थर आणला.

प्रतिसाद १: विरोध. दोन मेथड कागदावर पुरतात, खरी गोम एस्केपिंगची, म्हणजे टॅगची चिन्हं निष्प्रभ करण्याची आहे. जिंजाचं नुसतं एन्व्हायर्नमेंट (सेटिंग्ज आणि टेम्प्लेट्स सांभाळणारं ऑब्जेक्ट) बनवलं तर ऑटोएस्केप बंद असतं. एचटीएमएल फाइल्ससाठी ते चालू करतो तो फ्लास्क फ्रेमवर्क. माकोही आपणहून एस्केप करत नाही, फिल्टर लावावा लागतो. सेटिंगमधली एक ओळ बदलून इंजिन फिरवलं, की वापरकर्त्याने कमेंटमध्ये टाकलेला स्क्रिप्ट टॅग जसाच्या तसा ब्राउझरमध्ये चालणार.

धागाकर्ता: अहो, म्हणून तर गाभ्यात हवं! अ‍ॅडॉप्टरच ऑटोएस्केप चालू करून देईल. आज जो तो इंजिन जोडायच्या आपापल्या तीन ओळी लिहितो, आणि त्याही हँडलरच्या आत. म्हणजे दर रिक्वेस्टला नवं एन्व्हायर्नमेंट. जिंजाची कॅशे (कंपाइल झालेल्यांचा साठा) मुळात ४०० टेम्प्लेट्स धरते, पण इथे ती प्रत्येक वेळी रिकामीच. तेच टेम्प्लेट पुन्हा पार्स, पुन्हा कंपाइल. फ्रेमवर्कने ॲप सुरू होताना एकदाच बनवलं की हा प्रश्न संपला.

प्रतिसाद २: कॅशेचा मुद्दा मान्य, पण त्याला डॉक्युमेंटेशनमधला एक परिच्छेद पुरेल. ‘इंजिन बदलता येईल’ हे मात्र मृगजळ आहे. कॉन्टेक्स्टमध्ये नसलेलं नाव छापायला गेलात तर जिंजा गपचूप रिकामी जागा सोडतं, माको नेमएरर फेकतं. टेम्प्लेट सापडलं नाही तर दोघांचे एक्सेप्शन वेगळे. ते पकडून आपल्या एका एक्सेप्शनमध्ये बदलले नाहीत तर एरर पेज कोलमडेल. जँगोही इंजिनं अदलाबदलीची आहेत असं भासवत नाही: ॲपमधली जिंजाची टेम्प्लेट्स ‘जिंजा२’ फोल्डरात, स्वतःची ‘टेम्प्लेट्स’मध्ये.

प्रतिसाद ३: स्टारलेट फ्रेमवर्कसारखं करा. जिंजासाठी एक मदतनीस क्लास, डिपेंडन्सी ऐच्छिक. माको हवं असणाऱ्याने वेगळं पॅकेज लिहावं.

धागाकर्ता: चालेल, पण मग सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) आणि यूआरएल बनवणारं फंक्शन टेम्प्लेटपर्यंत पोचवायची जागा तरी गाभ्यात ठेवा. नाहीतर प्रत्येक पॅकेज ती आपापल्या नावाने देणार.

प्रतिसाद १: एवढ्याला माझी हरकत नाही. रिक्वेस्ट घेऊन डिक्शनरी परत करणारा एक हुक, बस. रेंडरला हात लावू नका.