अनुभव धागा : छापून येत नाही, तरी लिहिता?

कुसुमाग्रजांच्या नाशकात कविता न केलेला माणूस शोधावाच लागेल! पण पुस्तक, पुरस्कार वाट्याला न येताही जे लिहीत राहिले, त्यांनी सांगा, नेमकं काय मिळतं? उपदेश नको.

निफाड : द्राक्षबाग आहे. निर्यातीच्या मालाला फवारणीची वही ठेवावीच लागते. माझ्या गोष्टी तिच्याच मागच्या पानांवर. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत चार महिने डोक्यात फक्त डाउनी रोग, अवकाळी आणि व्यापारी. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायची, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायच्या मधल्या वेळात लिहायचं. गोष्टीतली एक म्हातारी सुनेला काय उत्तर देईल, हे कित्येक दिवस सुचत नव्हतं. घडांची विरळणी चालू असताना तिचं वाक्य अचानक आलं. बाया विचारायला लागल्या, "दादा, एकटेच काय हसताय?" भाव पडलेला होता, तरी ती दुपार मजेत गेली.

सिडको : मला दाद लागते, खोटं कशाला बोलू? पदरच्या पैशाने संग्रह काढला, प्रती पलंगाखाली आहेत. लिहिताना बरं वाटतं, मान्य. पण कुणी वाचलंच नाही तर चुटपुट लागतेच.

नाशिकरोड : इथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त. टपाल तिकिटं, पासपोर्ट छापण्यात हयात गेली, स्वतःची ओळ कुठे छापली नाही. नाटक लिहितोय. ते रंगमंचावर येणार नाही हे ठाऊक असल्याने पंधरा पात्रं आणि गोदेचा पूर बिनधास्त घातलाय, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडेपर्यंत! निर्माता असता तर म्हणाला असता, "काका, दोन पात्रांत बसवा."

सातपूर : सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर चार ओळी. बस.

पंचवटी : आम्ही चौघी महिन्यातून एकदा जमतो. आधी छान-छान चालायचं, त्याचा कंटाळा आला. आता ऐकणारीने फक्त सांगायचं की कान कुठे टवकारले आणि मन कुठे भरकटलं. सिडकोकर, दाद चारजणींचीही पुरते हो, पण ती नेमकी हवी. २०१५च्या सिंहस्थात घरात पाहुणे मावत नव्हते, तेव्हा ओट्याशी उभ्याने खरडलेलं साधूंच्या चहाचं टिपण बाकीच्या तिघी अजून पुन्हा वाचायला लावतात. तुमच्या पलंगाखालच्या चार प्रती पाठवा, पुढच्या वेळी वाचतो. छान म्हणणार नाही, एवढं मात्र धरून चाला.