गाडीत सब (सबवूफर, बासचा स्पीकर) लावला की १५ मिनिटांत अँप प्रोटेक्टमध्ये (स्वतःला वाचवायला बंद), वायरिंग चुकलंय का?

प्रश्न
मंडळी जरा मदत करा. जुनी स्विफ्ट आहे, मागच्या आठवड्यात ४ चॅनलचा अँप बसवून घेतला, ४ ओहमला प्रत्येकी ७५ वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी पॉवर), ब्रिज केला (दोन चॅनल जोडून एक) तर कमीत कमी ४ ओहम असं मागे छापलंय. पुढे ६० वॉट आरएमएसचे कंपोनंट स्पीकर, डिकीत १२ इंची सब, २५० आरएमएस, ड्युअल ४ ओहम कॉइलचा (४-४ ओहमच्या दोन कॉइल). दुकानात सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल करून चॅनल ३-४ ब्रिज केलेत. रविवारी साताऱ्याला निघालो तर खंबाटकीच्या अलीकडेच लाल लाइट आणि सगळं बंद, हात लावला तर अँप तव्यासारखा. दुकानवाला म्हणतो बॅटरी बदला, ती ८ महिन्यांचीच आहे. मुलगी मागे बसते हो, काही पेटलं तर?

उत्तर १
दादा बॅटरी नको बदलू, लोड चुकलाय. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल म्हणजे २ ओहम, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्याच्याही निम्मा दिसतो, म्हणजे १ ओहम. ओहम कमी तेवढा करंट जास्त, तापणारच. ड्युअल ४ च्या सबचे २ होतात नाहीतर ८, दोन्ही कॉइल वापरून मधला ४ होत नाही. म्हणून सिरीज कर, एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं अँपला, ब्रिज तसाच ठेव. आता ८ ओहम, चॅनलला ४ चा लोड, सबला साधारण १५० वॉट. २५० चा सब १५० वर आरामात चालतो, फक्त आवाज कमी वाटला म्हणून गेन (अँपवरचा सिग्नल वाढवायचा नॉब) पिळू नको, कॉइल जळते ती बहुतेक वेळा फाटलेल्या आवाजानेच. आणि बॉक्सवर ठळक छापलेले मॅक्स वॉट बघूच नको, आरएमएस तेवढं बघ.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण मला काळजी वेगळीच. बॅटरीवरून येणाऱ्या लाल वायरला फ्यूज आहे का ते आजच बोनेट उघडून बघा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, अँपवरचा फ्यूज वेगळा, तो या वायरला वाचवत नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबर नसेल तर पत्र्याने इन्सुलेशन घासतं आणि बॉडीला शॉर्ट झाली की फ्यूजशिवाय वायर लालबुंद होते, हे मी एका मित्राच्या गाडीत डोळ्यांनी बघितलंय, कार्पेट जळालं होतं. फ्यूज वायरला झेपेल तेवढाच, उडतोय म्हणून मोठा टाकू नका.

प्रश्नकर्ता
बघितलं, फ्यूज नव्हताच!! बॅटरीचा मायनस काढून ठेवलाय. सबच्या वायरी अँपवरून सोडवून मीटर लावला, १.८ दाखवतोय.

उत्तर १
म्हणजे पॅरललच. सिरीज केल्यावर ७ च्या आसपास दिसेल, मीटर ओहम थोडे कमीच दाखवतो. मग गेन लाव: स्पीकर काढून, हेडयुनिटचा (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचा) व्हॉल्यूम पाऊण, बास-ट्रेबल शून्य, मीटर एसी व्होल्टवर. पुढच्यांना १ किलोहर्ट्झचा टोन देऊन १५.५ व्होल्टपर्यंत, सबला ५० हर्ट्झ देऊन ३४ पर्यंत. पुढच्यांना हायपास (खालचा बास अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला. पण आधी फ्यूज बसव, मगच मायनस जोड.